दात येताना: गार फडकं की टीदर?

सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पुढचे दात डोकावू लागले, की हिरड्या शिवशिवतात आणि लाळेनं झबलं ओलं होतं. तेव्हा टीदरपेक्षा, म्हणजे बाळानं चघळायच्या खेळण्यापेक्षा, आमची पहिली पसंती फडक्यालाच.

जुनं, मऊ सुती फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, घट्ट पिळा, झाकणाच्या डब्यात घालून 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. एक टोक बाळाच्या तोंडात, दुसरं तुमच्या हातात. इंदूरच्या मे महिन्यात ते बघता बघता कोमट होतं, म्हणून दोन फडकी आलटून पालटून वापरा. तेच फडकं दिवसभर चघळायला देऊ नका. ओलसरपणात जंतू वाढतात. धुऊन, उकळून, उन्हात कडकडीत वाळवा.

टीदर प्रवासात सोयीचा. एकसंध सिलिकॉनचाच घ्या. पाणी भरलेला चावून फुटतो. फ्रीजरमध्ये मात्र नको, दगडासारखा झाला की नाजूक हिरडी दुखावते. दोरीनं गळ्यात तर कधीच अडकवू नका, फास बसतो.

बेंझोकेनचं बधिर करणारं जेल दोन वर्षांखालच्या बाळाला नकोच. क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर दातांवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.