बेल्टचा ताण मोजायचं गेज : आठ महिने वापरल्यावर

माझी ओम्नी जुनी आहे. काटोल ते नागपूरचा कळमना बाजार अशा फेऱ्या होतात, संत्र्याच्या हंगामात तर रोजच. मागच्या हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की फॅन बेल्ट चिरकायचा. मिस्त्रीनं टॉमी (लोखंडी पहार) लावून असा ताणून दिला की आवाज बंद. दीड महिन्यात त्याच बेल्टवर फिरणाऱ्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं बेअरिंग घरघरायला लागलं. ढिला बेल्ट निदान ओरडून सांगतो. जास्त ताणलेला गुपचूप बेअरिंग खातो.

तेव्हा जानेवारीत हे पेनाएवढं गेज घेतलं. इंजिन बंद आणि थंड असताना दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर बेल्टवर ठेवायचं आणि सावकाश दाबायचं. ‘टक्’ झालं की हात तिथंच थांबवायचा, मग वर आलेली पट्टी गेजवरच्या ज्या आकड्याशी थांबली, तो वाचायचा. टक् झाल्यावरही दाबत राहिलं तर आकडा चुकतो. हात बसायला मला चार-पाच दिवस लागले. आजही तीनदा मोजून मधला आकडा धरतो.

नवा बेल्ट टाकला तेव्हा 45 किलोवर बसवला होता. दोन फेऱ्यांनंतर पाहतो तर 33! नवा बेल्ट पुलीच्या खाचेत बसतो, थोडा लांबतोही, म्हणून सुरुवातीला पुन्हा मोजावंच लागतं. अंगठ्यानं दाबून हा फरक मला कधीच कळला नसता.

खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात झाली. या गाडीत वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, बेल्ट घसरला की इंजिन तापणारच. भर दुपारी माल भरून निघालो तरी तापमानाचा काटा अर्ध्यावर गेला नाही. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीवर मीटर धरला तर 14.2 व्होल्ट, म्हणजे चार्जिंगही ठीक.

उणिवा आहेत. ग्रीसच्या हातानं आकडे पुसट झालेत. ओम्नीत सीट उचलूनही हात शिरायला जागा कमी, मी घड्याळ-अंगठी काढूनच ठेवतो. ज्या गाडीत ऑटो टेन्शनर (बेल्टचा ताण आपोआप राखणारा) आहे, तिथं याचं फारसं काम नाही. टायमिंग बेल्टला तर हे लावूच नका, त्याची रीत वेगळी.

ताणताना टॉमी अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीला मध्येच टेकवू नका, तडा जातो. आणि बोल्ट कसून झाल्यावर परत मोजा. कसताना ताण हलतो, माझा तर दरवेळी दोन किलोनं वाढतो.