हीटर होजच्या चार क्लिपा आणि न बदललेला कोअर

गाडीच्या दुरुस्तीत फसवणूक होते ती इंजिन, क्लच किंवा टायर अशा महागड्या वस्तूंत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. माझ्या बाबतीत ती हीटरच्या रबरी होजला धरून ठेवणाऱ्या चार पोलादी क्लिपांपासून सुरू झाली आणि डॅशबोर्ड उतरवण्यापर्यंत गेली. बीड, परभणी, लातूर या भागात जुन्या डिझेल गाड्या वापरणारे पुष्कळ लोक आहेत आणि थंडी पडली की त्यांच्यापैकी अनेकांना सकाळी गाडीखाली कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, थेंब दिसतात, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे गॅरेजचे नाव येथे दिलेले नाही.

आपल्याकडे हीटर लावण्याची वेळ वर्षातून फार थोडे दिवस येते, त्यामुळे हीटरच्या होजकडे कोणाचे लक्ष नसते. प्रत्यक्षात बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी इंजिनातले तापलेले कूलंट या दोन होजमधून डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमध्ये, म्हणजे केबिनची हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये, जाऊन परत येतच असते. केबिनमध्ये गरम हवा सोडायची की नाही, हे फक्त एक झडप ठरवते. म्हणजे मे महिन्यात एसी चालू असतानाही या होज पूर्ण तापलेल्या आणि दाबाखाली असतात. रेडिएटरच्या झाकणाचा दाब बऱ्याच गाड्यांत 1 बारच्या आसपास असतो आणि तेवढा दाब या चार टोकांवरच्या क्लिपांनाही पेलावा लागतो.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा या टोकांना बहुधा स्प्रिंग क्लिपा असतात. स्प्रिंगच्या पोलादाची ती एक वळवलेली पट्टी असते. तिचे दोन कान पक्कडीने दाबले की ती उघडते आणि सोडले की होजवर आवळली जाते. तिचे खरे काम त्यानंतर सुरू होते. होज तापून फुगली की क्लिप तेवढी पसरते, थंड होऊन आकसली की मागोमाग आवळत येते, आणि काही वर्षांनी रबर दबून बारीक झाले तरी पकड सोडत नाही. स्क्रूच्या क्लिपेला हे जमत नाही. ती आवळली तेवढ्या मापावर स्थिर राहते, त्यामुळे रबर दबले की तिची पकड कमी होते आणि कडाक्याच्या थंडीत होज आकसली की तेथून थेंब पडू लागतात. इंजिन तापले की रबर फुगते आणि गळती आपोआप थांबते. सकाळी गळणारी व दुपारी कोरडी असणारी होज पाहिली की आधी क्लिपेवर संशय घ्यावा, कोअरवर नव्हे.

माझ्या गाडीत नेमके हेच होत होते. परभणीत पारा घसरल्याच्या बातम्या येतात, त्या दिवसांत केजमध्येही पहाट चांगलीच गार असते. अशा सकाळी फायरवॉलजवळच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळच्या, एका टोकाखाली हिरवट थेंब दिसत आणि गाडी बीडला पोहोचेपर्यंत ते टोक कोरडे होई. चारपैकी त्याच एका टोकाला आधीच्या मालकाने स्क्रूची क्लिप बसवलेली होती, बाकी तीन ठिकाणी मूळच्या स्प्रिंग क्लिपा होत्या. मी बीडमध्ये महामार्गालगतच्या एका गॅरेजात गेलो आणि त्या एका टोकाला योग्य मापाची स्प्रिंग क्लिप बसवून द्या, एवढेच काम सांगितले.

गॅरेजमालकाने बोनेट उघडून चारही टोके हलवून पाहिली आणि बाकीच्या तिन्ही क्लिपा थकलेल्या आहेत, असा निर्वाळा दिला. "काका, खोलायलोच आहे तर चारी टाकू कंपनीच्या, परत बघायचं कामच नाही पडायचं," असे तो म्हणाला. एका क्लिपेचे 200 रुपये सांगितले. छापील पाकिटातल्या म्हणून क्लिपा दाखवल्या, पण पाकीट हातात मागितले तेव्हा तोपर्यंत ते फाडून टाकलेले होते. काम झाल्यावर मी जुन्या क्लिपा परत मागितल्या. त्या भंगाराच्या डब्यात गेल्या, आता कशा शोधणार, असे उत्तर मिळाले. बिल मागितल्यावर कोऱ्या चिठ्ठीवर 'हीटर किट' एवढेच लिहून रक्कम टाकून दिली. मी तेथेच थांबून त्याच्याकडून 'स्प्रिंग क्लिपा 4, नवीन, कंपनीच्या' असे लिहून घेतले, सही आणि तारीख घेतली, आणि पुढे सगळा आधार याच ओळीचा झाला.

पुढच्याच आठवड्यात मांजरसुंब्याचा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला. गाडी बाजूला घेऊन इंजिन पूर्ण थंड होऊ दिल्यावर पाहिले, तर टाकीतले कूलंट बरेच खाली गेलेले होते आणि या वेळी एका नव्हे, दोन टोकांना ओल होती. त्याच गॅरेजात परत गेलो. आता निदान बदलले. क्लिपा नव्या आहेत, म्हणजे दोष क्लिपांचा असूच शकत नाही. दाब वाढतो आहे, कोअर फुटला आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. कोअर फुटला की केबिनमध्ये गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून चिकट धुके धरते, पायाखालची चटई ओली होते. यातले काहीही नव्हते आणि ते मी बोलूनही दाखवले. दाब देऊन गळती तपासणारा प्रेशर पंप लावून दाखवा म्हटल्यावर तो सकाळीच लावून पाहिला, असे उत्तर आले. गाडी तोवर खोलून ठेवलेली होती आणि जोडून परत न्यायची तरी मजुरी द्यावी लागणार होती. अर्धी खोललेली गाडी आणि परगावचा ग्राहक, ही या धंद्यातली जुनी अडवणूक आहे. 'हीटर कोअर नवीन' असे लिहिलेले 11,500 रुपयांचे दुसरे बिल घेऊन मी घरी आलो.

गळती पुन्हा सुरू झाली तेव्हा गाडी केजमधल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी प्रथम क्लिपांना हात लावला आणि एक क्लिप होजवर बोटाने गोल फिरवून दाखवली. बसवलेली स्प्रिंग क्लिप बोटाने फिरत असेल तर ती तेथे नसल्यासारखीच आहे. त्यांनी नखाने तिच्यावरचा चकचकीत काळा रंग खरवडला, तेव्हा खाली गंजाचे बारीक डाग आणि कानाजवळ कानशीने घासलेली जागा दिसली. क्लिपेच्या कानावर किंवा पट्टीवर आकाराचा आकडा ठोकलेला असतो. घासूनही तो पुरता गेलेला नव्हता आणि 29 असा वाचता येत होता. आमच्या होजचा बाहेरचा व्यास पाइपवर चढवलेल्या स्थितीत व्हर्नियरने 26 मिलीमीटर भरला. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी जाड होजवरून उतरवलेल्या दोन क्लिपा रंगवून नव्या म्हणून बसवल्या होत्या. उरलेल्या दोन खरोखरच नव्या होत्या, पण त्यांच्यावर आकडा नव्हता, खूण नव्हती. पक्कडीने एकदा पूर्ण उघडून सोडल्यावर त्या उघड्याच राहिल्या. ते स्प्रिंगचे पोलाद नव्हतेच, साध्या पत्र्याला स्प्रिंग क्लिपेचा आकार दिलेला होता.

इतक्या सैल क्लिपा पहिल्याच दिवशी का गळल्या नाहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. होज ओढून काढल्यावर उत्तर मिळाले: आतून लाल सिलिकॉनचा जाड लेप दिलेला होता. ग्राहक दृष्टीआड होईपर्यंत तो टिकतो. आणि कोअरच्या ज्या तोंडावर होज चढते, त्या तोंडाच्या आत बोअरच्या पाण्याने वर्षानुवर्षे साचतो तसला पांढरट क्षाराचा टणक थर होता. नव्या कोअरमध्ये तो काही दिवसांत साचणे शक्य नाही. कोअर बदललेलाच नव्हता. डॅशबोर्ड बहुधा उतरवला असेल, पण तोही कशासाठी, हे सांगता येत नाही. माझ्या मूळच्या तीन चांगल्या क्लिपा दुसऱ्या कुणाला 'कंपनीच्या' म्हणून विकल्या गेल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे.

या फसवणुकीचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. स्क्रूची एक क्लिप बऱ्याच मापांना चालते, म्हणून दुकानात दोन-तीन आकार ठेवले की भागते. स्प्रिंग क्लिपेची कामाची मर्यादा मात्र जेमतेम काही मिलीमीटरची असते, त्यामुळे तिचे अनेक आकार ठेवावे लागतात. ते न ठेवणारा दुकानदार हाताला लागेल ती क्लिप बसवतो. म्हणून माप आपणच घ्यावे. होजच्या आतल्या व्यासावरून, म्हणजे 16 किंवा 19 मिलीमीटरवरून क्लिप मागू नये. होज पाइपवर पूर्ण चढवून तिचा बाहेरचा व्यास मोजावा. मोकळ्या अवस्थेत क्लिपेचा आतला व्यास या मापापेक्षा स्पष्टपणे कमी हवा आणि कान पूर्ण दाबल्यावर ती होजवरून सहज सरकेल एवढी उघडायला हवी. जुनी मूळची क्लिप हाताशी असेल तर तिच्यावरचा आकडा आणि पट्टीची रुंदी दोन्ही जुळवावी. काही कंपन्या आकारानुसार रंगाची खूण देतात, पण रंग कुणालाही लावता येतो, तेव्हा ठोकलेला आकडा पाहावा. विकत घेण्यापूर्वी काउंटरवरच मोकळा व्यास मोजून, क्लिप पक्कडीने एकदा पूर्ण उघडून, सोडून पुन्हा मोजावी. चांगली क्लिप मूळ मापावर परत येते. दुकानदार याला हरकत घेत असेल तर दुसरे दुकान पाहावे.

बसवण्याचे काम मिस्त्रींनी माझ्यासमोर केले. इंजिन पूर्ण थंड होते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर येते, हे सर्वांना माहीत असूनही दरवर्षी कोणी तरी भाजतेच. पाइपच्या तोंडावरचा क्षार त्यांनी बारीक पॉलिश पेपरने साफ केला. होज सरकावताना थोडे कूलंटच लावले, तेल किंवा ग्रीस नाही, कारण या होजचे रबर बहुधा ईपीडीएम प्रकारचे असते आणि ते खनिज तेलाने फुगून नरम पडते. पाइपच्या तोंडाजवळ एक फुगीर कडा असते. क्लिप त्या कडेवर बसवायची नसते, तर कडेच्या मागे, कडा आणि होजचे टोक यांच्या मध्ये, टोकापासून तीनेक मिलीमीटर जागा सोडून बसवायची असते. जुनीच होज पुन्हा वापरत असल्यास जुन्या क्लिपेने रबरावर पाडलेल्या वळावरच नवी बसवावी. कान असे वळवावेत की पुढे पक्कड तेथे पोहोचेल आणि ते शेजारच्या होजला घासणार नाहीत. क्लिप पक्कडीतून निसटली तर गोफणीतल्या दगडासारखी उडते, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा. सिलिकॉन कोठेही लावले नाही. शेवटी कंपनीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट भरून हवा काढली. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची आपल्याकडची सवय कोअर खराब करते, ती वेगळी तक्रार.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारही टोके कोरडी होती. या कामाला लागलेला खर्च पहिल्या गॅरेजच्या एका क्लिपेच्या किमतीपेक्षा फार जास्त नव्हता.

तक्रारीचा मार्ग उपलब्ध आहे आणि तो वाटतो तितका अवघड नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते आणि बिल न देणे हेही त्यातच मोडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तेथे नोंदवलेल्या तक्रारीवर दुकानदाराला विचारणा होते. तेवढ्याने भागले नाही तर घटनेपासून 2 वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क नाही. मी हेल्पलाइनकडे तक्रार केल्यावर गॅरेजमालकाने क्लिपांचे पैसे परत देण्याची तयारी दाखवली, पण कोअर बदललाच आहे, असे तो अजून म्हणतो. त्यामुळे मी आयोगाकडे गेलो. अर्जासोबत दोन्ही बिले, रंग खरवडलेल्या क्लिपा, व्हर्नियर लावून काढलेली छायाचित्रे आणि कोअरच्या तोंडातल्या क्षाराचे छायाचित्र जोडले आहे. मिस्त्रींनी जे पाहिले ते लेखी देण्यास मान्यता दिली आहे. क्लिपा आणि कोअरचे बिल वेगवेगळे असल्याने दोन्ही मुद्दे स्वतंत्रपणे मांडता आले; 'हीटर किट' या मोघम शब्दांवर हे शक्य झाले नसते.