फोंड्यातील एअर रायफल वर्ग: पहिला छर्रा सुटण्याआधीचे चार दिवस

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या बारा वर्षांच्या मुलीला गोव्यातील फोंडा परिसरातील एका खाजगी नेमबाजी केंद्राच्या प्राथमिक वर्गात घातले होते. वर्ग बारा दिवसांचा, रोज दीड तासाचा, आणि शुल्क साडेतीन हजार रुपये. त्यात बंदूक, छर्रे आणि टार्गेट धरलेले होते. पॅरिसमध्ये 2024 साली मनू भाकर आणि आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे यांनी पदके मिळवल्यापासून अशा वर्गांची चौकशी वाढली आहे, आणि पालक पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा ‘गोळ्या किती झाडायला मिळतील’ हाच. या वर्गात पहिले चार दिवस एकही छर्रा झाडू दिला नाही. त्या चार दिवसांसाठीच मी हा वर्ग इतरांना सुचवीन.

याला माझे घरगुती कारण आहे. आमच्या गावच्या घरी कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, माकडे हाकलण्यासाठी आजोबांनी घेतलेली एअर गन माजघरातल्या खुंटीला टांगलेली असे. ती रिकामी आहे असे समजून माझ्या चुलतभावाने एकदा सहज चाप ओढला आणि छर्रा दाराच्या फळीत रुतला. त्या दारातून दोनच क्षणांपूर्वी काकी आत गेली होती. भरलेली बंदूक कोणी टांगली याचा शोध पुढे कितीतरी दिवस चालला. बंदूक हातात घेणाऱ्याने ती आधी उघडून पाहायची असते, हे मात्र त्या घरात कोणीच कोणाला शिकवले नव्हते.

येथे शिकवणीची सुरुवात नेमकी त्याच ठिकाणी होते. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी उघडायची, छर्रा बसवण्याची जागा डोळ्यांनी पाहायची आणि मगच ती पुढे द्यायची. पहिल्याच दिवशी मुलगी ‘सर, रिकामी आहे’ म्हणाली, तेव्हा प्रशिक्षकांनी शांतपणे सांगितले, ‘बाय, सांगू नकोस, दाखव.’ नळीच्या पूर्ण लांबीतून भडक केशरी दोरी ओवून ठेवण्याची पद्धत स्पर्धांमध्ये असते, तीच येथे रोजच्या सरावातही पाळली जाते. दोरी दोन्ही टोकांना दिसत असेल तर नळीत छर्रा नाही, हे दहा पावलांवरूनही कळते. नळीचे तोंड कायम टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि कोणी टार्गेट बदलायला पुढे गेले असेल तर बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही. ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ हे हुकूम मुलांकडून लाकडी काठ्या धरून इतक्या वेळा गिरवून घेतले, की पाचव्या दिवशी छर्रे घालून सराव सुरू झाल्यावर ‘स्टॉप’ ऐकताच सगळी बोटे एकदम बाहेर आली.

पालकांसाठी ठेवलेल्या तासात कायद्याची माहिती मोजक्या शब्दांत दिली. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीच्या आतून 4.5 मिमीपर्यंत व्यासाच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही. यावरून अनेक जण ती खेळणे असल्याचे ठरवतात आणि मुलाच्या वाढदिवसाला भेट देतात. परवान्याची सूट आहे म्हणून डोळ्याला होणारी इजा कमी होत नाही, हे प्रशिक्षकांनी स्पष्टपणे सांगितले. पोलादी गोळी कठीण पृष्ठभागावरून उलटून येते, म्हणून येथे फक्त शिशाचे छर्रे वापरतात, आणि नेमबाजांबरोबर पाहणाऱ्यांनाही चष्मा सक्तीचा आहे. पक्ष्यांवर नेम धरण्याचा विषय एका मुलाने काढला, तेव्हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे नाव घेऊन तो तिथेच संपवण्यात आला. मला ते फार योग्य वाटले.

देखभालीचा भाग सर्वांत सकस होता, आणि गोव्यात तो तसा असायलाच हवा. वर्गातल्या बंदुका स्प्रिंगच्या आहेत. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा छर्ऱ्याला बाहेर फेकते. छर्ऱ्यामुळे अडलेली हवाच शेवटी दट्ट्याला उशीसारखी थोपवते. छर्रा न घालता चाप ओढला तर ती उशी राहत नाही आणि दट्ट्या थेट टोकावर आदळतो, म्हणून स्प्रिंगची बंदूक रिकामी झाडायची नाही आणि ताणून ठेवायचीही नाही. नळी खाली वाकवून छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवावी लागते, नाहीतर ती झटक्याने मिटून बोटे चिरडू शकतात. हे प्रत्येक मुलाकडून वेगळे करून घेतले.

तेलाबाबत तर माझाच गैरसमज दूर झाला. आजोबा बंदुकीला खोबरेल लावीत. असे तेल कालांतराने चिकट होते. आणि कोणतेही जळणारे तेल हवेच्या कोठीत गेले तर दाबाने तापलेल्या हवेत डिझेल इंजिनाप्रमाणे पेट घेते, धूर येतो, छर्ऱ्याचा वेग अचानक वाढतो आणि आतले सील जळते. बाहेरच्या धातूवर बोटाने फिरवलेला तेलाचा पातळ थर पुरे, विशेषतः घामेजल्या हातांनी धरल्यानंतर. जूनपासून चार महिने बंदूक फोमच्या पेटीत बंद ठेवू नये, कारण फोम ओल धरून ठेवतो आणि आतून गंज चढतो. सिलिका जेलच्या पुड्या घालून कोरड्या, कुलूपबंद कपाटात ठेवावी आणि छर्रे वेगळ्या जागी ठेवावेत. नळी आतून वारंवार घासण्यापेक्षा फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, गोळे अधूनमधून नळीतून पुढे सारणे चांगले.

पुढच्या टप्प्यातली हवा भरून ठेवणारी रायफल एका सरावात दाखवली. तिच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाब असतो. मोटारीच्या चाकात तो सव्वादोन बारच्या आसपास असतो. त्यात कोरडी दाबलेली हवाच भरायची, ऑक्सिजन कधीही नाही, आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहायची, कारण मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. जुनी रायफल स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्या पालकांनी ही तारीख आधी पाहावी.

प्रत्यक्ष नेमबाजीसाठी उरलेले आठ दिवस थोडे अपुरे पडले. दहा मीटरवरच्या रायफलच्या टार्गेटमध्ये दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, आणि श्वास, खांदा, गाल यांचा मेळ बसेपर्यंत वर्ग संपला. बंदुका मोठ्यांच्या मापाच्या असल्याने लहान मुलांना दस्ता खांद्याला नीट बसत नाही. माझ्या मुलीच्या मानेला तिसऱ्याच सरावात रग लागली. दस्त्याची लांबी कमी करता येईल अशा निदान दोन बंदुका केंद्राने घ्याव्यात.

एक उणीव मात्र गंभीर आहे. छर्रे शिशाचे असतात, शिसे हातांना लागते आणि मुलांच्या शरीरात ते जाणे अधिक घातक असते. प्रशिक्षक हात धुण्याचे आणि छर्रे तोंडात न धरण्याचे रोज बजावतात, पण नळ इमारतीच्या मागे आहे, साबण तीन दिवस नव्हता, आणि सराव संपताच मुले हात न धुता दारातल्या गाड्यावरच्या रस-ऑम्लेटकडे धावत. मी हे व्यवस्थापकांना सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी साबण आला, नळ मात्र अजून तिथेच आहे. दिवाळीच्या सुट्टीतल्या वर्गाला मुलीला पुन्हा पाठवणार आहे. तोपर्यंत फायरिंग लाइनजवळ पाण्याची सोय झालेली नसेल, तर पाण्याचा कॅन आणि साबण मीच घेऊन जाईन.