आंब्याचा सीझन ते पावसाळा : क्लाउड रनवर चालवलेलं बुकिंग ॲप

रत्नागिरी-देवगडकडच्या बागायतदारांसाठी आम्ही हापूसच्या पेट्यांचं बुकिंग ॲप चालवतो. यंदा सीझनच्या तोंडावर ते भाड्याच्या एका सर्व्हरवरून गूगल क्लाउड रनवर (सर्व्हर स्वतः न सांभाळता ॲप चालवून देणारी गूगलची सेवा) हलवलं, मुंबई रिजनमध्ये, म्हणजे गूगलच्या मुंबईतल्या डेटा सेंटरांवर. आता अख्खा सीझन आणि निम्मा पावसाळा काढून झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं ट्रॅफिक कधीच सारखं नसतं. पाडव्याच्या सुमारास एखादा बागायतदार गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘बुकिंग सुरू’ म्हणून लिंक टाकतो आणि दोन-तीन मिनिटांत मुंबई-पुण्याची माणसं एकदम आत शिरतात. अक्षय्य तृतीयेआधी तर हे रोजचंच. जूननंतर मात्र आंबापोळी, आमसुलं, काजूगर यांच्या तुरळक ऑर्डरी. त्या गर्दीच्या मापाचा सर्व्हर बारा महिने पोसणं परवडत नाही, आणि लहान घेतला तर ऐन विक्रीच्या वेळी मान टाकतो.

क्लाउड रन हा भार खरोखर उचलतं. येणाऱ्या रिक्वेस्ट (ॲपकडे आलेल्या मागण्या) आणि सीपीयूचा वापर बघून कंटेनर, म्हणजे ॲपच्या चालू प्रती, वाढवतं, गर्दी ओसरली की कमी करतं, कोणीच नसेल तर शून्यावर आणतं. एका कंटेनरला एका वेळी 80 रिक्वेस्ट ही डिफॉल्ट मर्यादा. आमच्याकडे पावतीची पीडीएफ तयार होताना सीपीयू बराच लागतो, म्हणून आम्ही ती 30 वर आणली. ॲपची पानं लगेच भराभर उघडायला लागली.

पण वाढतात ते फक्त कंटेनर, डेटाबेस जागचा हलत नाही. हे नीट समजून घेतल्याशिवाय ऑटोस्केलिंगच्या (कंटेनर आपोआप कमी-जास्त होण्याच्या) वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये मुळात एका वेळी 100 कनेक्शनची (ॲपने डेटाबेसशी उघडलेल्या जोडण्यांची) मर्यादा असते, त्यातली 3 सुपरयूजरसाठी, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य व्यवस्थापकासाठी, राखीव. प्रत्येक कंटेनर 10 कनेक्शन धरून बसला तर दहाव्या कंटेनरलाच दार बंद. लोड टेस्टमध्ये (खोटी गर्दी सोडून घेतलेल्या चाचणीत) हे स्पष्ट दिसलं, म्हणून प्रत्येक कंटेनरचा कनेक्शनचा साठा, म्हणजे पूल, 5 चा आणि कंटेनर जास्तीत जास्त 8 असं गणित बसवलं : 40 कनेक्शन. मग इतकी जागा मोकळी का? नवी आवृत्ती चढवताना जुने आणि नवे कंटेनर थोडा वेळ एकत्र चालतात, तेव्हा आकडा 80 वर जाऊ शकतो. याहून मोठा पसारा असेल तर मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम) घालाच.

शून्यावरून उठायला कंटेनरला वेळ लागतो. पावसाळ्यात पहिल्या गिऱ्हाइकाला तीन-चार सेकंद थांबावं लागतं, ते चालतं. सीझनमध्ये नाही चालत, म्हणून मार्च ते मे किमान 2 कंटेनर जागे ठेवले. त्यांचे पैसे रिकाम्या वेळेतही लागतात, पण दर कमी असतो.

आणखी एक गोष्ट कोड लिहिणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावी. नेहमीच्या सेटिंगमध्ये रिक्वेस्टला उत्तर गेलं की कंटेनरचा सीपीयू काढून घेतात. ‘ऑर्डर मिळाली’ हा एसएमएस उत्तरानंतर मागाहून पाठवायचं ठरवलं, तर तो अडकून राहू शकतो. आम्ही ते काम क्लाउड टास्क्सच्या (मागाहून करायची कामं रांगेने उरकणारी गूगलची सेवा) रांगेत टाकलं. पेट्यांचे फोटोही कंटेनरमध्ये ठेवायचे नाहीत : तिथली फाइल मेमरीच खाते आणि कंटेनर बंद झाला की जाते.

क्लाउड रनऐवजी कुबरनेटीसचा (अनेक सर्व्हरांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, कंटेनर चालवणारी प्रणाली) विचार झाला होता. त्यातला ऑटोस्केलर डिफॉल्टने दर 15 सेकंदांनी आकडे तपासतो, आणि त्याला वळण लावायला भरपूर जागा आहे. पण तीन माणसांच्या टीमने क्लस्टर सांभाळायचा की बागायतदारांचे फोन घ्यायचे? ज्यांचं ट्रॅफिक दिवसरात्र एकसारखं आहे, त्यांना मात्र साधा सर्व्हरच स्वस्त पडेल.

खर्चाचं म्हणाल, तर बजेट अलर्टच्या भरवशावर राहू नका. तो नुसता ईमेल धाडतो, काही बंद करत नाही. कमाल कंटेनरचा आकडा पहिल्याच दिवशी घालून ठेवा.