जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला: आहे तोच उघडायचा की सेकंडहँड चढवायचा?

गिअरबॉक्स गेला हे नक्की झालं की दोन वाटा उरतात. आहे तोच उतरवून ओव्हरहॉल करायचा, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलायचे, नाहीतर दुसऱ्या गाडीतून निघालेला बसवायचा. कंपनीनेच नव्यासारखा करून दिलेला मिळाला तर प्रश्नच मिटतो, पण जुन्या मॉडेलसाठी तो सहसा हाती लागत नाही.

मात्र ‘नक्की झालं’ हे जरा जपून म्हणावं. डी किंवा आर लावताना ठोका बसतो तो पुष्कळदा फाटलेल्या इंजिन माउंटिंगचा असतो. वरच्या गिअरमध्ये एका वेगाने चालताना गाडी थरथरत असेल, तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक नुसता टेकवा, मागचा दिवा लागेल इतपतच. लॉकअप सुटतो आणि टॅकोमीटर दोनतीनशे आरपीएमने चढतो. (कन्व्हर्टर इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देतो, लॉकअप हा त्यातला दोघांना थेट जोडणारा क्लच.) थरथर त्याच क्षणी थांबली, तर संशय लॉकअप क्लचवर किंवा थकलेल्या एटीएफवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलवर. इंजिनचा हलका मिसफायरही लॉकअपमध्येच जास्त जाणवतो, म्हणून प्लग आणि कॉइल आधी बघून घ्या.

पी०७०० हा कोड आला म्हणून घाबरू नका. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला काहीतरी सांगायचंय, एवढाच त्याचा अर्थ. नेमकं काय ते कळायला तो कंट्रोलर वाचणारा स्कॅनर लागतो. पी०७३१ ते पी०७३५ यांतला कोड आला तर कोणत्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही ते कळतं, आणि तिथे क्लच घसरत असण्याची शक्यता मोठी. नुसता सोलेनॉइडच्या (ऑइलचा रस्ता उघड-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) वायरिंगचा कोड असेल, तर बऱ्याच गाड्यांत चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) खोलून खालूनच काम होतं. गिअरबॉक्स उतरवायची गरज नसते.

चेंबर खोललंच आहे तर त्यातला चुरा धरणारा चुंबक आणि तळ बघा. राखाडी, मऊ लेप चालतो. पितळेचे चकाकते कण म्हणजे बुश किंवा वॉशर झिजलेत. काळा चुरा आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटचं अस्तर गेलंय. मग ताजं ऑइल भरून काही होत नाही, झिजलेलं अस्तर त्याने परत येत नाही. ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं, तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत शिरलंय. अशा वेळी कूलर न बदलता कोणताही गिअरबॉक्स बसवणं म्हणजे तोही घालवणं.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण देऊन इंजिन किती आरपीएमपर्यंत जातं ते बघणं, करायची तर ऑइल गरम असताना, दोन्ही ब्रेक घट्ट, गाडीसमोर कोणी नको, आणि पाच सेकंदांच्या आत. आरपीएम डी आणि आर दोन्हीत जास्त आले, तर ऑइलचं प्रेशर पडतंय: फिल्टर, पंप, रेग्युलेटर. फक्त डीमध्ये जास्त आले तर पुढचा क्लच. दोन्हीत कमी आले, तर इंजिनच ताकद देत नाही किंवा कन्व्हर्टरमधला एकमार्गी क्लच सुटलाय.

आता निवडीकडे. सेकंडहँडच्या बाजूने वेळ आहे. गिअरबॉक्स तयार असतो, गाडी लवकर रस्त्यावर येते आणि आतलं काही उघडावं लागत नाही. नाव तेच असलं तरी गिअरबॉक्सच्या टॅगवरचा पूर्ण कोड मात्र जुळवून घ्या. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन गिअरबॉक्सच्या डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचं) गुणोत्तर वेगळं असू शकतं, कनेक्टरच्या पिना वेगळ्या असू शकतात.

हे सगळं जुळलं तरी एक गोष्ट खटकते, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागतो. सेकंडहँड गिअरबॉक्स टेबलावर तपासताच येत नाही. ऑइलचा रंग बघाल, इनपुट शाफ्ट हलवून बघाल, चेंबर काढून चुंबक बघाल, बस. आतल्या पिस्टनचे रबरी सील कसे आहेत ते बाहेरून कळत नाही. ते वयाने कडक होतात. गिअरबॉक्स कोरडा पडून राहिला असेल तर आणखीच. ऑइल थंड आणि घट्ट असतं तेव्हा कडक सीलही दाब धरून ठेवतो. चढवल्यावर पहिली फेरी म्हणूनच छान जाते. ऑइल तापून पातळ झालं की तोच दाब सीलच्या कडेने निसटतो, पिस्टन क्लचला पुरता आवळत नाही, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस वर पळते. म्हणजे दोष दिसतो तो एक्सल, माउंटिंग, कूलरचे पाइप, सगळं परत जोडून झाल्यावर. ‘चालू गाडीतला आहे’ हे विकणाऱ्याचं म्हणणं खरंही असेल, पण त्या गाडीत तो तापल्यावर कसा चालायचा ते त्यात येत नाही. बदली मिळते ती गिअरबॉक्सची. उतरवण्या-चढवण्याची मजुरी आणि सांडलेलं एटीएफ आपलंच.

ओव्हरहॉलमध्ये हा आंधळेपणा नाही. सगळे सील, रिंगा आणि क्लच प्लेट नव्या पडतात. कोरड्या प्लेट बसवायच्या नाहीत, आधी किमान अर्धा तास एटीएफमध्ये बुडवून ठेवायच्या. प्रत्येक क्लच पॅकची (प्लेटच्या गठ्ठ्याची) फट फीलर गेजने मोजायची. केस बंद करण्याआधी ऑइलच्या भोकातून दोन-तीन बार हवा सोडली की पिस्टन ‘थप्’ असा एक भरीव आवाज करतो. नुसतं फुसफुसलं, तर सील दुमडलाय किंवा कापलाय. सील धड आहे की नाही ते इथे टेबलावरच कळतं.

अडचणी यातही आहेत. वेळ जास्त जातो, सुटे भाग थांबवून ठेवतात, आणि सगळा भरवसा उघडणाऱ्याच्या हातावर. त्याला एकच विचारा: कन्व्हर्टरचं काय करणार? ‘धुऊन परत लावू’ म्हणाला, तर दुसरा माणूस शोधा. कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, आतला चुरा धुऊन पूर्ण निघत नाही आणि तोच व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइल वाटणाऱ्या भागात, जाऊन बसतो. नवा किंवा कापून दुरुस्त केलेलाच हवा.

केसलाच तडा गेला असेल किंवा प्लॅनेटरी गिअरचे दात उडाले असतील, तर मात्र सेकंडहँड निमूट घ्यावा. गाडी वर्षभरात काढूनच टाकायची असेल तरी तोच बरा. निदान पुढचं ऑइल सील, एक्सलची सील आणि फिल्टर तो खाली असतानाच बदलून घ्या.

बसवताना चूक होते ती दोन्हीकडे एकाच जागी. कन्व्हर्टर फिरवत आत ढकलला की बहुतेक गिअरबॉक्समध्ये तीनदा खाली बसल्याचं हाताला लागतं: इनपुट शाफ्ट, स्टेटर आणि शेवटी पंपाच्या खाचा. तिसरा टप्पा राहिला, तर गिअरबॉक्सचं तोंड इंजिनला हाताने पुरतं टेकत नाही. तिथे बोल्ट आवळून ओढलं की पंप फुटतो. नीट बसला असेल, तर तोंडाचे बोल्ट आवळल्यावरही कन्व्हर्टर मोकळा फिरतो आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या टोकाच्या पातळ चकतीपासून) साधारण तीन ते पाच मिलिमीटर मागे राहतो. मग त्याला पुढे ओढून त्याचे बोल्ट लावायचे. कूलरच्या लाइन धुऊन, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच एटीएफ भरा. ऑइल बदलताना तीन-चार लिटर निघतं, पण कन्व्हर्टर रिकामा असताना त्याच्या जवळजवळ दुप्पट लागू शकतं, म्हणून इंजिन चालू ठेवून पातळी परत बघा. शेवटी स्कॅनरने कंट्रोलरची जुनी शिकवण पुसा. ती राहिली, तर तो नव्या क्लचवर जुन्या, झिजलेल्या क्लचच्या हिशोबाने दाब टाकतो, आणि धडधाकट गिअरबॉक्सही झटके मारतो.