मोफत कवट्या आणि किलोभर प्लास्टिक

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, अशा अर्थाचं विधान केलं आणि डार्विनला चुकीचं ठरवलं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना मग एकत्र निवेदन काढावं लागलं. पण दहावीच्या वर्गात मागच्या बाकावरून तोच प्रश्न आला, तर निवेदन वाचून दाखवून भागत नाही. हातात द्यायला काहीतरी लागतं. आयात केलेल्या रेझिनच्या कवट्या महाग पडतात. उलट खऱ्या जीवाश्मांची त्रिमितीय मोजणी करून बनवलेल्या फायली आज फुकट मिळतात आणि थ्रीडी प्रिंटर बऱ्याच शाळांच्या प्रयोगशाळांत धूळ खात पडलेले आहेत. या फायली देणाऱ्या चार ठिकाणांची ही समीक्षा, आणि त्या छापताना काय बिघडतं याचीही.

सर्वांत सोपं ठिकाण अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचं मानव-उत्पत्तीचं संकेतस्थळ. जीवाश्म, आजचे कपी (चिंपांझी, गोरिला यांसारखे बिनशेपटीचे प्राणी), दगडी हत्यारं, सगळं पडद्यावर माउसने फिरवून बघता येतं. नुसतं दाखवायचं असेल तर एवढं पुरतं. प्रोजेक्टर लावा आणि माणूस व चिंपांझीच्या कवट्या खालच्या बाजूने शेजारी शेजारी धरा.

आफ्रिकन फॉसिल्स हे केनियातल्या तुर्काना सरोवराच्या परिसरातल्या जीवाश्मांचं संकेतस्थळ. कवट्या निवडक आहेत, पण एकाहून एक. छपाईची एसटीएल फाइल थेट उतरवता येते. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. वापर मात्र शिकण्या-शिकवण्यापुरता. छापून विकायच्या भानगडीत पडू नका.

मॉर्फोसोर्स हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं भांडार. इथे सर्वांत जास्त माल आहे आणि डोकेदुखीही सर्वांत जास्त आहे. खातं काढावं लागतं, फाइल कशासाठी हवी ते लिहावं लागतं, आणि काही नमुन्यांना मालक संस्थेची परवानगी लागते. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेतला होमो नालेडी हा प्राचीन मानव सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्याच्या ऐंशीपेक्षा जास्त हाडांच्या फायली इथे सगळ्यांसाठी खुल्या केल्या गेल्या. या क्षेत्रात तोवर मूळ जीवाश्म वर्षानुवर्षं कुलुपात राहायचे, म्हणून त्या निर्णयाचं मोल मोठं. दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी, की इथल्या अनेक नोंदी म्हणजे तयार आकार नसून सीटी स्कॅनच्या शेकडो चकत्या असतात. त्या थ्रीडी स्लायसर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घालून (छपाईसाठी आकाराचे थर पाडणारा स्लायसर वेगळा, हा वेगळा) हाडाची घनता निवडायची आणि मग एसटीएल काढायची. सुक्या कवटीच्या बाबतीत हे तासाभराचं काम. फायली मात्र गिगाबाइटांत असतात, तालुक्याच्या इंटरनेटवर रात्रभर लावून ठेवा.

चौथं ई-ल्युसी, टेक्सस विद्यापीठाचं. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेल्या ल्युसी या प्राचीन सांगाड्याच्या खांद्याच्या आणि गुडघ्याच्या भागांच्या फायली २०१६ मध्ये खुल्या झाल्या. तुकडे लहान, छपाई पटकन. पण ल्युसीची पूर्ण कवटी इथे शोधू नका. तिच्या डोक्याचे मोजके तुकडेच सापडलेत. ‘ल्युसीची कवटी’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतांश अंदाजाने पूर्ण केलेलं असतं.

फाइल उतरवली की लगेच छापायला घेऊ नका. एसटीएलमध्ये एकक लिहिलेलं नसतं. सेंटिमीटरमध्ये बनवलेली फाइल प्रिंटर मिलिमीटर समजून वाचतो आणि कवटी बोराएवढी दिसते. भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून मागच्या टोकापर्यंत प्रौढ माणसाची कवटी साधारण १७० ते १९० मिमी भरते. पडद्यावर १८ दिसलं तर दहापट करा. फाइलमधला आकार ज्या बारीक त्रिकोणांनी बनतो त्यांची संख्या काही वेळा कोटीच्या घरात असते आणि शाळेचा संगणक गपगार होतो. मेशलॅब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती पाच लाखांवर आणली तरी डोळ्यांना फरक कळत नाही.

छपाईची मापं: पीएलए (छपाईचं नेहमीचं प्लास्टिक), ०.४ मिमीचं नोझल, ०.२ मिमीचा थर, तीन भिंती, इन्फिल म्हणजे आतला भराव ८ ते १० टक्के. २२० मिमीच्या बेडवर, म्हणजे छपाईच्या तापणाऱ्या पाटावर, माणसाची पूर्ण आकाराची कवटी मावते, पण जुन्या संथ यंत्रावर दीड-दोन दिवस जातात आणि सपोर्टसकट (अधांतरी भागांना छापले जाणारे टेकू) ४०० ग्रॅमच्या वर माल लागतो. एवढ्या वेळात महाराष्ट्रात वीज एकदा तरी जातेच. बेड थंड पडला की कवटी सुटते. यूपीएस नसेल तर ५० टक्के आकार घ्या, एका शाळेच्या दिवसात काम होतं. पावसाळ्यात कोकणात उघडं राहिलेलं प्लास्टिकच्या तारेचं रीळ ओल धरतं आणि दातांच्या मधे कोळ्याची जाळी तयार होते. ४५ ते ५० अंशांवर पाच-सहा तास वाळवून घ्या. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली कवटी संध्याकाळपर्यंत वाकडी झालेली असते.

सर्वांत मोठी चूक ठेवणीत होते. कवटी सरळ, जबड्यावर बसवल्यासारखी छापली की सगळे सपोर्ट तळाला चिकटतात आणि मणक्याचं छिद्र, म्हणजे मज्जारज्जू बाहेर पडतो ते तळाचं भोक, बुजतं. नेमकं तेच तर बघायचं असतं, कारण माणसात ते पुढे असतं आणि चिंपांझीत मागे. म्हणून सीटीवरून काढलेली कवटी स्लायसरमधल्या कटच्या सोयीने भुवयांच्या थोडं वर आडवी कापा आणि दोन्ही भाग कापलेली बाजू खाली ठेवून छापा. ६ × ३ मिमीचे चार चुंबक बसवले की झाकण डब्यासारखं लागतं. गालाच्या हाडाची कमान तरीही तुटेल, कारण ती बारीक आणि अधांतरी असते. तुटली की सुपरग्लू.

कापलेल्या कवटीत मोहरी भरता येते. डोळ्यांच्या खोबणीतली आणि नसांची बारीक भोकं चिकटपट्टीने बंद करा, मणक्याच्या छिद्रात कापसाचा बोळा घाला, मोहरी भरून हलकेच आपटा आणि मापनपात्रात ओता. अर्ध्या मापाच्या कवटीत घनफळ आठव्या हिश्श्याचं होतं, म्हणून आलेल्या आकड्याला आठने गुणायचं. माणसाचे १६५-१७० मिली आले की १,३५० घनसेंमीच्या आसपास. चिंपांझीचे ५० आले की ४००. गटागटात दहा टक्क्यांपर्यंत फरक येईल, कारण मोहरी दाबली तशी बसते. एकोणिसाव्या शतकात कवट्या मोजणाऱ्या सॅम्युअल मॉर्टनने याच कारणासाठी मोहरी सोडून शिशाचे छर्रे धरले. हा प्रयोग फक्त सीटीच्या फायलींवर होतो. नुसत्या बाहेरच्या पृष्ठभागाची मोजणी असेल तर कवटी आतून भरीव असते, आणि तीस मुलं मोहरी घेऊन बसल्यावर ते कळून उपयोग नसतो.

चिंपांझीची फाइल निवडताना वय पाहा. पिल्लाची कवटी गोल, तोंड आखूड, मणक्याचं छिद्र पुढे सरकलेलं, म्हणजे माणसासारखी दिसते. ती माणसाशेजारी ठेवली तर साम्य फुगवून सांगितल्यासारखं होतं आणि हुशार मुलगी ते पकडते. शेवटच्या दाढा आलेल्या प्रौढाचीच घ्या. नर असेल तर सुळे आणि त्यांच्यासाठीची फट ठळक दिसते. दोन्ही कवट्या डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका पातळीत येईल अशा धरायच्या. असं केल्याशिवाय छिद्राच्या जागेची तुलना फोल आहे.

आता मूळ तक्रारीकडे, म्हणजे ‘माकडापासून माणूस’. मराठीत माकड म्हटलं की लाल तोंडाचं, वानर म्हटलं की काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं. दोघांनाही शेपूट आहे आणि दोघंही कपी नव्हेत. भारतात रानात राहणारा कपी म्हणजे ईशान्येकडचा गिबन, तोही आपल्याकडच्या मुलांनी पाहिलेला नसतो. त्यामुळे वाद सुरू होतो तोच चुकीच्या प्राण्यावरून. हे शब्दांनी सांगण्यापेक्षा दाढेने सांगा. मॉर्फोसोर्सवरून वानराचा, चिंपांझीचा आणि माणसाचा खालचा जबडा घ्या, पहिली मोठी दाढ तेवढी कापून २०० टक्के मोठी आणि ०.१२ मिमीच्या थराने छापा. वानराच्या दाढेवर शेतात घालावेत तसे दोन आडवे बांध दिसतात. चिंपांझीच्या दाढेवर पाच उंचवटे आणि त्यांच्यामधून इंग्रजी वाय अक्षरासारखी गेलेली खाच. माणसाच्या पहिल्या दाढेवर बहुधा तीच. दुसऱ्या दाढेवर आपल्यात अनेकदा चारच उंचवटे असतात, म्हणून पहिलीच घ्या. म्हाताऱ्या प्राण्याची दाढ झिजून सपाट झालेली असते, ती टाळा. दातांची संख्या मात्र तिघांचीही बत्तीस. तीन दाढा छापायला दोन तास पुरतात आणि या सगळ्या खटाटोपातली सर्वांत परिणामकारक वस्तू तीच.

जीवाश्मांची निवड करताना रांग लावायचा मोह टाळा. वाकलेल्या कपीपासून ताठ माणसापर्यंतची ती मिरवणूक भिंतीवरच्या तक्त्यांनी डोक्यात इतकी बसवली आहे, की कवट्या हातात आल्या की मुलं आपोआप त्याच क्रमाने मांडतात. त्यावर उतारा आफ्रिकन फॉसिल्सवर आहे. केएनएम-ईआर ४०६ आणि केएनएम-ईआर ३७३३ (हे केनियाच्या संग्रहालयातले नोंदक्रमांक) या दोन्ही कवट्या तुर्कानाच्या पूर्वेकडच्या कूबी फोराच्या, साधारण एकाच काळातल्या, सतरा लाख वर्षांच्या आसपासच्या. पहिलीच्या डोक्यावर चघळण्याच्या स्नायूंसाठी हाडाचा उभा कंगोरा, गालफडं रुंद, मेंदू ५०० घनसेंमीच्या जरा वर. दुसरीच्या डोक्यावर कंगोरा नाही, चेहरा आटोपशीर, मेंदू ८५० च्या घरात. एका वेळी माणसाच्या घराण्यातली एकच जात असायची, ही तेव्हाची कल्पना या जोडीने १९७६ मध्ये मोडीत काढली. या दोघी टेबलावर ठेवून ‘आता रांग लावा’ म्हणायचं. लागत नाही. मग नालेडी आणायचा. मेंदू ४६५ ते ६१० घनसेंमी आणि वय अवघं २,३६,००० ते ३,३५,००० वर्षं. फांद्या काढल्याशिवाय गत्यंतर राहत नाही, आणि चिंपांझी आपला आजोबा नसून सहा-सात दशलक्ष वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या फांदीवरचा चुलत भाऊ आहे, हे तिथेच कळतं. रामापिथेकसला माणसाचा पूर्वज म्हणून दाखवणारा तक्ता भिंतीवर असेल तर तोही उतरवा. सिवापिथेकसच्या (रामापिथेकस आता त्यातच धरतात) चेहऱ्याचे जीवाश्म मिळाल्यावर तो ओरांगउटानच्या बाजूला गेला, त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली.

३७३३ ला खालचा जबडा नाही. रिकामं दिसतं म्हणून दुसऱ्या कुणाचा जोडू नका. माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा जोडलेला पिल्टडाउन मानव १९१२ पासून १९५३ पर्यंत भल्याभल्यांना फसवत राहिला.

या कवट्यांची मर्यादाही सांगायला हवी. साम्य दाखवलं की ‘घडवणारा एक असेल तर घडण सारखी असणारच’ असं उत्तर येतं, आणि हाडांपाशी त्याला तोड नाही. तिथे गुणसूत्रं लागतात. आपली ४६, चिंपांझीची ४८. आपलं दोन क्रमांकाचं गुणसूत्र त्यांच्या दोन गुणसूत्रांच्या जोडणीचं आहे. गुणसूत्राच्या टोकाला असणारी खूण त्याच्या मध्यावर, समोरासमोर चिकटलेली, १९९१ मध्ये सापडली. सुतळीचे दोन तुकडे, टोकांना लाल रंग, आणि एक गाठ. यासाठी प्रिंटरची गरज नाही. केंद्रीय बोर्डाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती २०२३ मध्ये गेली, त्यामुळे तिथल्या मुलांना गुणसूत्रांचा भाग आनुवंशिकतेच्या धड्यातच जोडून द्यावा लागेल.

एक किलोचं पीएलए रीळ हजार-बाराशेला येतं. त्यात अर्ध्या आकाराच्या माणूस, चिंपांझी, ४०६, ३७३३ आणि नालेडी, शिवाय तीन दाढा एवढं बसून दोन-तीन फसलेल्या छपायांपुरता माल उरतो. पहिल्यांदा दाढा छापा.