आमवात असलेल्या आईची हाडं: गोळी, सलाईन की इंजेक्शन?

रुमॅटॉइड संधिवात, ज्याला आपल्याकडे बरेच जण आमवात म्हणतात, हाडांवर दोन्हीकडून घाला घालतो. सांध्यांतली सूज हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवते, आणि ती सूज उतरवायला दिलेलं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड नवं हाड तयार होणं मंदावतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचा आधारही सुटलेला असतो. हाड मोडण्याचा धोका मोजणाऱ्या ‘फ्रॅक्स’मध्ये या आजाराची वेगळी नोंद करावी लागते ती यामुळेच. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोर उणे २.५ पर्यंत, म्हणजे हाडं ठिसूळ ठरवण्याच्या हद्दीपर्यंत, घसरला नसला, तरी डॉक्टर औषध सुचवतात याचं नवल वाटू देऊ नका.

सहसा चार पर्याय समोर येतात. सगळ्यांत स्वस्त म्हणजे अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी, आठवड्यातून एकदा. सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाऊन जिचं पोट नाजूक झालंय, तिला ही गोळी अनेकदा झेपत नाही. अन्ननलिकेला त्रास होतो. शिवाय आमवाताचं मेथोट्रेक्सेटही आठवड्याला एकदाच असतं. दोन्हींचे वार वेगळे ठेवा आणि कॅलेंडरवर लिहा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं.

पोटाची कटकट नको असेल तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड. वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम, सलाईनसारखं शिरेतून, किमान १५ मिनिटं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली होती. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. आईला वाटेल आमवातच उसळला. तिला आधी सांगून ठेवा. खरी अट मूत्रपिंडाची आहे: क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती वेगानं गाळतं त्याचं माप, मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर हे देत नाहीत. नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर समाधान मानू नका. वय जास्त आणि अंगकाठी बारीक असेल, तर तो आकडा चांगला दिसूनही क्लिअरन्स कमी निघू शकतो.

मूत्रपिंड साथ देत नसेल तेव्हा डेनोसुमॅबचं नाव निघतं. ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी, त्वचेखाली. परिणाम उत्तम. पण मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकतं, म्हणून ते आणि ड जीवनसत्त्व आधी तपासून घ्यायचं. आणि याची तारीख चुकवून चालत नाही. डोस लांबला किंवा औषध मध्येच सोडलं, तर थोपवलेली झीज उसळून परत येते आणि एकाच वेळी अनेक मणके दबल्याचीही उदाहरणं आहेत. थांबवायचंच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं मागोमाग दुसरं औषध सुरू करावं लागतं. आई गावी एकटी राहत असेल, नेणारं-आणणारं कुणी ठरलेलं नसेल, तर मी हा पर्याय निवडताना दहादा विचार करेन.

टेरिपॅराटाइड झीज थांबवण्याऐवजी नवं हाड घडवतं. मणका आधीच मोडलाय किंवा स्टिरॉइड मोठ्या मात्रेत चालू आहे, अशांसाठी ते खास उपयोगी. मात्र रोज एक इंजेक्शन, तेही साधारण दोन वर्षं, पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, खर्चही जास्त, आणि संपल्यावर मिळवलेलं टिकवायला वरच्यांपैकी एखादं औषध लागतंच. बोटं वाकडी झालेल्या बाईला ते पेन स्वतः वापरणं जड जातं. घरात रोज टोचणारं माणूस आहे का, हे आधी ठरवा.

पोट नाजूक पण मूत्रपिंड ठीक असलेल्या, अजून मणका न मोडलेल्या आईसाठी माझा कल वर्षाच्या सलाईनकडे आहे. लक्षात ठेवायला वर्षातली एकच तारीख, आणि घेतलेला डोस वाया जाण्याची भीती नाही.

पहिल्या तिन्हींपैकी काहीही ठरलं तरी दात काढायचे असतील तर ते आधी उरकून घ्या. जबड्याचं हाड न भरण्याचा धोका क्वचित असला तरी खरा आहे. पुढे मांडीत नवं दुखणं सुरू झालं तर ते आमवाताच्या खात्यावर टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पुढच्या भेटीत स्टिरॉइडची मात्रा कमी करता येईल का, हे जरूर विचारा. स्टिरॉइडची गोळी मात्र स्वतःहून अचानक बंद करू नका.